सातवीला इतिहास शिकवतेय, मुलं ऐकतात छान पण नंतर डोक्यात काहीच उरत नाही. काय करू?

नवखी_बाई:

नमस्कार मंडळी. मी मूळची विज्ञानाची. यंदा इतिहासाच्या बाई मोठ्या रजेवर गेल्या आणि सातवीचा इतिहास माझ्या गळ्यात पडला. आठवड्याला तीन तास, एकेक ३५ मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं हजेरी आणि वह्या काढा वह्या काढा करण्यात जातात ते वेगळंच.

सध्या फ्रेंच राज्यक्रांती चालूये. गोष्ट सांगायला मला बरी जमते, पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगावर लोक चालून गेले तो भाग सांगताना वर्ग चिडीचूप, मागच्या बाकावरची दोन पोरंसुद्धा कोपरं टेकून पुढे वाकून ऐकत होती, मला वाटलं जिंकलं आपण. पुढच्या आठवड्यात छोटीशी चाचणी घेतली. "क्रांती का झाली?" जवळजवळ सगळ्या वर्गाचं एका ओळीत उत्तर, राजा वाईट होता आणि लोकांना तो आवडत नव्हता म्हणून. एकानं तारीख लिहिलीय १४ जुलै १८८९. एकीनं १७८९ म्हणजे सतरावं शतक. आणि दर दहा मिनिटांनी तो प्रश्न असतोच, मॅडम हे परीक्षेला आहे का?

एका मुलीनं मात्र वेगळंच विचारलं. "मॅडम, त्या लोकांना आधीच का नाही कळलं? एवढी वर्षं काय करत होते?" मला उत्तर आलं नाही, हसून वेळ मारून नेली, तेव्हापासून ते डोक्यात बसलंय.

विज्ञानात माझ्याकडे प्रयोग असतो. लिटमस बुडव, रंग बघ, लिही. इतिहासात बुडवायचं काय? सगळं होऊन गेलेलं. कृपया "इतिहास रंजक करून शिकवा" एवढंच सांगू नका, ते शाळेत रोज ऐकतेय 😅

---

जुना_खडू:

बाई, पहिलं म्हणजे गोष्ट सांगणं सोडू नका. हल्ली गोष्ट सांगणारा मास्तर म्हणजे मागासलेला असं झालंय, पण पोरं पुढे वाकून ऐकतायत म्हणजे अर्धं काम झालंय, ते कोणाकोणाला आयुष्यभर जमत नाही.

तुमचा खरा घोळ काळाचा आहे. बारा वर्षांच्या पोराला १७८९ काय, १८८९ काय आणि इ.स.पू. २५०० काय, सगळं एकाच पोत्यात, पोत्याचं नाव "पूर्वी". शतकाचं मी असं सांगतो. बाळ जन्मलं की त्याचं पहिलं वर्ष चालू होतं, पण वय विचाराल तर शून्य. पहिला वाढदिवस झाला की दुसरं वर्ष लागतं आणि वय एक. शतकाचं तेच, पहिल्या शतकात आकड्याच्या पुढे शेकडा नसतोच, म्हणून सतराशे अमुक म्हणजे अठरावं. एकदा सांगून बसत नाही, महिनाभर रोज तासाच्या सुरुवातीला दोन वर्षं फळ्यावर लिहायची आणि शतक विचारायचं, एक मिनिट लागतं.

आणि एक सुतळी घ्या सहा मीटरची. एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष. एका टोकाला "आज". पोराचं स्वतःचं आयुष्य १२ मिलिमीटर, बोटाच्या नखाएवढं, ते बघूनच वर्गात हशा पिकतो. सत्तरीच्या आजीचं ७ सेंटीमीटर. चंद्रावर माणूस उतरला १९६९ ला, तो आजीच्याही आत. तुमची फ्रेंच क्रांती २४ सेंटीमीटरच्या जरा अलीकडे. मग इजिप्तची राणी क्लिओपात्रा, मेली इ.स.पू. ३० ला, ती दोन मीटरच्या थोडी पुढे. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या सुमाराचा, तो साडेचार मीटरच्याही पुढे. आता पोरांना विचारा क्लिओपात्रा कोणाच्या जवळ, पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या की चंद्रावर जाणाऱ्यांच्या? सगळे पिरॅमिड म्हणून ओरडतात आणि मग सुतळीकडे बघून गप्प होतात. मेसोपोटेमियात लिहायला सुरुवात झाली ती सव्वापाच मीटरवर. त्याच्या जरा पुढे सुतळी संपते. मग विचारायचं की आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर कधीपासून? सुमारे ३ लाख वर्षं. म्हणजे ३०० मीटर. खिडकीतून बोट दाखवायचं, शाळेच्या आवाराबाहेर कुठेतरी.

वर्षभर ती सुतळी भिंतीवर राहू दे, दर धड्याला एक चिठ्ठी लावायची. एवढं केलंत तरी खूप आहे.

---

पुरावा_दाखवा:

खडू सरांशी सहमत, सुतळी मीही वापरते. पण बाईंनी विचारलंय "बुडवायचं काय" त्यावर लिहिते, मोठं होईल.

इतिहासात बुडवायचा असतो पुरावा. झालेली गोष्ट गेली, तिच्या खुणा उरल्यात, आणि त्या खुणांवरून काय झालं असेल ते ठरवायचं. पाठ्यपुस्तक मुलांना फक्त शेवटचं उत्तर देतं, गणित करून दाखवत नाही, मग मुलं उत्तर पाठ करणार नाहीतर काय करणार.

तुम्ही विज्ञानाच्या आहात तर तुम्हाला पॉम्पेई आवडेल. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि रोमन शहर राखेत गाडलं गेलं एवढं मुलांना सांगायचं, आणि प्रश्न एकच, कोणत्या महिन्यात? चार-चार जणांचे गट करून एकेक चिठ्ठी द्यायची, सगळ्या एकदम नाही, हे महत्त्वाचं आहे.

पहिली चिठ्ठी. धाकटा प्लिनी नावाचा मुलगा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता, खाडीच्या पलीकडून त्यानं ते बघितलं, त्याचा मामा त्यात गेला. वीसेक वर्षांहून जास्त काळानं त्यानं टॅसिटस या इतिहासकाराला पत्र लिहून सगळं सांगितलं. पत्राच्या ज्या नकला आपल्यापर्यंत आल्या त्यावरून तारीख धरतात २४ ऑगस्ट. पोरं लगेच, झालं, ऑगस्ट! डोळ्यांनी बघणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर विषय संपला.

दुसरी चिठ्ठी. उत्खननात डाळिंबांसारखी शरद ऋतूतली फळं मिळाली, आणि नवी वाइन भरून तोंडं बंद केलेले रांजण. तिसरी, घरांमधे ऊब घ्यायच्या शेगड्या वापरात असल्याच्या खुणा. आता कुजबुज सुरू होते. चौथी चिठ्ठी, २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली ओळ सापडली, त्यात रोमन पद्धतीची तारीख आहे, आपल्या हिशेबानं १७ ऑक्टोबर. कोळशाचं लिखाण सहज पुसलं जातं, म्हणजे ते स्फोटाच्या थोडंच आधीचं असणार असा अंदाज. पण त्या ओळीत वर्ष लिहिलेलं नाहीये. हे मी शेवटी सांगते, अगदी सगळे ऑक्टोबर ऑक्टोबर करायला लागले की.

मग दोन प्रश्न. प्लिनी खोटं बोलला का? बहुतेक गट म्हणतात नाही, विसरला असेल. दरवर्षी एक तरी पोरगं म्हणतं की नकला करणाऱ्यानं चूक केली असेल, आणि खरंच ते पत्र शतकानुशतकं हातानं उतरवलं गेलंय. दुसरा प्रश्न, तुमची खात्री दहापैकी किती? हा आकडा वहीत लिहायला लावायचा आणि शेजारी का ते. माझ्या मते इतिहासाच्या तासाला मुलांना सगळ्यात उपयोगी पडणारी सवय ही आहे, कारण मुलांना एकतर शंभर टक्के खरं माहितीये नाहीतर शंभर टक्के खोटं.

एक धोका सांगून ठेवते. दोन-तीन तास असं केलं की मुलांच्या तोंडी "बायस्ड" शब्द बसतो आणि मग जे समोर ठेवाल ते बायस्ड म्हणून फेकून देतात, फार हुशार झाल्यासारखं. तिथे विचारायचं, बरं, एकतर्फी आहे, पण मग हा कागद कशाबद्दल खरं सांगतो? राजाच्या खुशमस्कऱ्यानं लिहिलेली स्तुती राजा कसा होता ते सांगणार नाही कदाचित, पण राजाला काय ऐकायला आवडायचं ते नक्की सांगते.

---

दोन_मुलांचा_बाबा:

हे सगळं वाचायला भारी वाटतं हो, पण माझ्या मुलीच्या पेपरात "सनावळी लिहा" आणि "रिकाम्या जागा भरा" येतं त्याचं काय? तिच्या शिक्षकांनी असले गटबिट केले, पोरगी घरी येऊन उत्साहानं सांगायची, आणि सहामाहीला मार्क आले निम्मे. मग रडणं कोणी आवरायचं? मी आपला प्रश्न विचारतोय, वाद घालत नाहीये.

---

पुरावा_दाखवा:

@दोन_मुलांचा_बाबा रास्त आहे, आणि यात आमच्यासारख्यांची चूक असते. तपास तपास करत बसायचं आणि आकडे, नावं पक्की करून घ्यायचीच नाहीत असं होतं, मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. माहिती डोक्यात नसेल तर मूल विचार तरी कशावर करणार? आता मी रोज तासाला सुरुवातीची चार मिनिटं वही बंद ठेवून पाच प्रश्न विचारते, दोन कालचे, दोन मागच्या आठवड्याचे, एक दोन महिन्यांपूर्वीचा. मार्क नाहीत, आपलं आपण तपासायचं. वाचून वाचून पाठ होतं त्यापेक्षा आठवून बघितल्यानं जास्त पक्कं होतं, यावर मानसशास्त्रात भरपूर प्रयोग झालेत.

आणि नवखी_बाई, तुमचं ते "राजा आवडत नव्हता म्हणून" यावर. कारणांच्या चिठ्ठ्या करा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतून तिजोरीवर झालेलं कर्ज. कराचा बोजा सामान्यांवर आणि सरदार नि धर्मगुरूंना सवलती. १३ जुलै १७८८ ची गारपीट, उभं पीक झोपलं. पुढच्या उन्हाळ्यात पावाचे चढलेले भाव. १६१४ नंतर पहिल्यांदाच १७८९ च्या मे महिन्यात बोलावलेली एस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य यांच्या प्रतिनिधींची सभा. आधी त्यांना लावू दे, खूप जुनं कारण कुठलं आणि शेवटची ठिणगी कुठली. मग एक चिठ्ठी उचलून खिशात घालायची. आता झाली असती का क्रांती? गारपीट उचलली तर? कर्ज उचललं तर? इथे भांडणं होतात आणि होऊ द्यायची. "कर्ज नसतं तर राजानं सभाच बोलावली नसती" हे वाक्य एखाद्या पोरानं स्वतःहून म्हटलं की समजा तो धडा त्याचा झाला.

---

मधलं_बाक:

मला त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल बोलायचंय, आधीच का नाही कळलं वाला. बाई तो प्रश्न सोडू नका प्लीज, अख्ख्या धड्यात तोच एक खरा प्रश्न आहे.

त्यात गृहीत काय आहे बघा, की त्या लोकांना आपल्याला माहितीये ते माहीत होतं आणि तरी ते गप्प बसले, म्हणजे जरा बावळटच. मुलांना जुने लोक बावळट वाटतात हे सगळीकडेच असतं. पण ते गप्प नव्हते. १७७५ मध्ये पॅरिसच्या आसपास पिठाच्या भावावरून एवढे दंगे झाले की त्याला पिठाचं युद्धच म्हणतात. फक्त त्यांची मागणी होती योग्य भावात पीठ द्या, राजा नको अशी नव्हती. १७८९ मध्ये गावोगावच्या लोकांनी गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहून पाठवल्या त्यातही करांबद्दल, सरदारांच्या हक्कांबद्दल तक्रारी आहेत आणि राजाबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी आदरच. त्याच वर्षी ऑक्टोबरात बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या आणि राजाला घेऊन पॅरिसला आल्या तेव्हा त्याला काय म्हणत होत्या, तर बेकर! बेकर आला आता पाव मिळेल. राजाला मृत्युदंड झाला १७९३ च्या जानेवारीत. म्हणजे तुमच्या वर्गानं जे उत्तर लिहिलंय "राजा आवडत नव्हता" ते बॅस्टिलच्या दिवशी धड खरंही नाहीये, नावडता तो पुढच्या तीनेक वर्षांत होत गेला. हे मुलांना शोधू द्या, मजा येईल.

अजून एक, पुढे औद्योगिक क्रांती येईल तेव्हा कृपा करून "समजा तुम्ही कारखान्यातलं मूल आहात, डायरी लिहा" असला स्वाध्याय देऊ नका. मी शाळेत असताना असलं लिहिलंय, "मी खूप दुःखी आहे, मालक दुष्ट आहे", मार्क मिळाले दहापैकी नऊ आणि कळलं शून्य. गुलामगिरी किंवा छळछावण्यांचं नाटक वर्गात बसवणं तर अजिबातच नको, कोणीतरी हसतं आणि कोणीतरी घरी जाऊन झोपत नाही.

त्यापेक्षा खरं माणूस आणा. इंग्लंडमध्ये १८४२ साली खाणीतल्या मुलांच्या कामाचा चौकशी अहवाल आला, त्यात सेरा गूडर नावाच्या आठ वर्षांच्या मुलीची जबानी आहे. खाणीत हवा नीट फिरावी म्हणून दारं असायची, कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं, हे तिचं काम. पहाटे चारला आत जायची, कधी साडेतीनलाच, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला बाहेर. दिवा नाही. ती म्हणते भीती वाटते. उजेड असला तर कधी कधी गाते, पण अंधारात गायची हिंमत होत नाही.

हे मी आठवीला वाचून दाखवलं होतं आणि पुढे काहीच बोलले नाही, नुसतं थांबले. मग एकानं विचारलं, हे तिनं लिहिलं का? नाही, अधिकाऱ्यानं विचारलं आणि उतरवून घेतलं. मग कोणते प्रश्न विचारले असतील? ते अधिकारी कोणाच्या बाजूचे? अहवालातली सगळीच मुलं असंच बोलली का, की गाजवायला ही निवडली? त्याच वर्षी कायदा झाला, बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना जमिनीखाली कामाला बंदी. म्हणजे त्या अर्ध्या पानात पुरावा, माणूस आणि परिणाम सगळंच हाताशी येतं, डायरी कशाला लागते.

---

नवखी_बाई:

तीन आठवड्यांनी परत आलेय, सगळ्यांचे आभार मानायचे राहिलेच होते.

सुतळी केली. पहिले दहा मिनिटं ती गुंता सोडवण्यातच गेली, त्यामुळे कोणी करणार असाल तर आदल्या दिवशी पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवा. क्लिओपात्राला अगदी तसंच झालं, ओरडले आणि गप्प. पण माझी फजिती ऐका. मी हुशारीनं मधे शून्य लिहून चिठ्ठी लावली. एका पोरानं विचारलं, मॅडम शून्य साली काय झालं? मी ठोकून दिलं काहीतरी. घरी येऊन बघितलं तर शून्य साल नाहीच, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. विज्ञानवाल्या बाईला संख्यारेषेची एवढी सवय की शंकाही आली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं आणि शून्याची चिठ्ठी फाडली. चूक मोजून बघितली पोरांनीच, एक मिलिमीटर. आता वर्गात कोणाचंही काही चुकलं की "एक मिलिमीटर" म्हणतात.

चिठ्ठ्यांचं पण केलं, गारपिटीवरून कडाक्याचं भांडण, तासाची घंटा झालेली कळली नाही. चाचणी परत घेतली. सनावळीत फार फरक नाही पडला, रोजचे पाच प्रश्न आत्ता सुरू केलेत, बघू. पण "का" च्या उत्तरात बहुतेकांच्या निदान तीन-तीन ओळी आल्या आणि त्यात "त्यामुळे" हा शब्द होता.

आणि एक सांगायचंय. मी शोधता शोधता वाचलं की त्या राजानं, म्हणजे सोळाव्या लुईनं, १४ जुलै १७८९ ला आपल्या रोजनिशीत एकच शब्द लिहिला, "काही नाही". मला वाटलं हे जबरदस्त आहे, तासाच्या सुरुवातीला फळ्यावर लिहिलं. तारीख, बॅस्टिल, आणि राजाचा शब्द. विचारलं, यावरून काय कळतं? धडाधड हात वर. राजाला काही पडलेलीच नव्हती. राजा मूर्ख होता. राजाला कोणी सांगितलंच नाही. खोटं लिहिलंय त्यानं. मी खूश, लिहून घेतेय सगळं.

मागच्या बाकावरचा एक, वर्षभरात कधी तोंड न उघडलेला, त्यानं हात वर न करताच विचारलं, "पण ती वही कसली होती?"

मला कळलंच नाही आधी. तो म्हणाला, म्हणजे माझी क्रिकेटच्या स्कोअरची वही आहे, त्यात घरी भांडण झालं तरी मी ते लिहीत नाही.

ती वही मुख्यतः शिकारीच्या आणि राजाच्या रोजच्या कार्यक्रमाच्या नोंदींचीच होती. "काही नाही" म्हणजे त्या दिवशी शिकार झाली नाही. मला हे माहीत होतं, तासाच्या शेवटी मीच सांगणार होते, धक्का वगैरे द्यायचा बेत होता.

---

जुना_खडू:

बेत गेला बाई तुमचा 😀 त्याला आता उगाच कौतुक करून पुढच्या बाकावर आणू नका, तिथूनच विचारू दे.

---

नवखी_बाई:

नाही हलवत 😀 @मधलं_बाक पुढच्या महिन्यात औद्योगिक क्रांती लागतेय, ती सेराची जबानी तुम्ही मराठीत केलेली असेल तर पाठवाल का?

---

मधलं_बाक:

पाठवते, अर्धं पानच आहे. फक्त तिच्या कामाला मूळ शब्द ट्रॅपर आहे, त्याला मला धड मराठी सापडला नाही, मी "दारवाली" केलंय. काही चांगलं सुचलं तर बदला आणि मलाही कळवा.